आज्ञा आणि तिचा पत्ता



पालघर जिल्ह्यांत 'तारापूर' हें एकच नांव तीन निरनिराळ्या ठिकाणांस लागलेलें आहे. एक तारापूर म्हणजे खाडीकांठचें जुनें गांव. तेथील किल्ला मराठ्यांनीं इ. स. १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. दुसरें तारापूर म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील अणुविद्युत् केंद्र. तिसरें म्हणजे औद्योगिक वसाहत; हिचें नांव तारापूर, परंतु ती वसली आहे बोईसरच्या अंगाला. आगगाडीनें येणारा मनुष्य तिन्हीं ठिकाणांसाठीं उतरतो तो बोईसर स्टेशनावरच. याखेरीज गुजराथेंत आणंद जिल्ह्यांत एक तारापूर आहे आणि बिहारांत मुंगेर जिल्ह्यांत आणखी एक आहे. तेव्हां 'माल तारापूरला पोंचता करा' एवढ्याच शब्दांवर एखादी मालमोटार निघाली, तर तिच्या चालकाला दोष देतां येणार नाहीं. वाक्य निर्दोष आहे. त्यांत कर्म आहे, क्रियापद आहे. फक्त कोणतें तारापूर तें नाहीं.

आज्ञार्थी वाक्यांत एक मौज असते. 'दार लाव' असें म्हटलें कीं 'तूं' हा कर्ता उच्चारावा लागत नाहीं; तो अध्याहृत असतो. शाळेंत मुलांकडून वाक्यपृथक्करण करवून घेतांना हा अध्याहृत कर्ता कंसांत लिहावयास सांगतात, आणि मुलें तो हमखास विसरतात. विसरून भागतें, याचें कारण असें कीं आज्ञा देणारा व घेणारा समोरासमोर उभे असतात आणि खोलींत दार लावणारें माणूसहि बहुधा एकच असतें. खोलींत चार जण असले तर नांव घ्यावें लागतें, आणि चौघांचेंहि नांव गोविंदच असलें तर नांव घेऊनहि भागत नाहीं. यंत्रांना आज्ञा देण्याचा जो नवा व्यवहार अलीकडे सुरू झाला आहे, त्यांत नेमकी ही चार गोविंदांची अडचण पदोपदीं उभी राहते.

हा नवा व्यवहार म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांचा. साध्या भाषेंत सांगितलेलें काम समजून घेऊन तो एजंट संगणकावरील इतर प्रोग्रॅम स्वतः चालवितो. हिशेबाची वही उघडतो, पत्र धाडतो, बिल भरतो, जुनीं टिपणें पुसतो. पूर्वी मनुष्य स्वतः बटण दाबीत असे. आतां तो काम सांगतो आणि बटण दुसरा दाबतो. हा दुसरा चलाख असतो, न कंटाळणारा असतो. परंतु त्याचें सांगणें ज्या प्रोग्रॅमनें ऐकावयाचें, त्या प्रोग्रॅमच्या एकाच वेळीं अनेक प्रती चालूं असतात.

प्रोग्रॅम आणि त्याची चालूं प्रत यांतील भेद नाट्यरसिकांना चटकन् उमगेल. नाटकाचें पुस्तक एकच; परंतु त्याच रात्रीं एक मंडळी त्याचा प्रयोग पालघरला करीत आहे, दुसरी बोईसरला आणि तिसरी डहाणूला. तिन्हींकडे तेंच कथानक, तींच पदें, तोच नायक. पण एकीकडे शेवटचा अंक चालला आहे, तर दुसरीकडे नुकती नांदी झाली आहे. अशा वेळीं 'पडदा पाडा' असा निरोप आला आणि तो भलत्याच रंगमंचावर पोंचला, तर नांदीनंतरच प्रेक्षकांना घरीं जावें लागेल. पुस्तकाचें नांव सांगून ही अडचण सुटत नाहीं, कारण पुस्तक तिघांचेंहि एकच आहे.

घरगुती उदाहरण घ्यावयाचें तर विजेच्या बिलाचें घेतां येईल. एकाच गृहस्थाच्या नांवावर पालघरला जुनें घर आहे आणि बोईसरला मुलासाठीं घेतलेली सदनिका आहे. संगणकावर दोन खिडक्या उघड्या आहेत. एकींत वडिलांचें बँकखातें, दुसरींत मुलाचें. 'विजेचें बिल भरून टाक' एवढें सांगितल्यावर कोणत्या घराचें बिल कोणत्या खात्यांतून भरलें जाईल? घरांतील मनुष्याला ही गोष्ट विचारावीहि लागत नाहीं, कारण कोणतें बिल थकलें आहे हें त्याच्या डोक्यांत असतें. एजंटाच्या डोक्यांत तें नसतें. महावितरणनें प्रत्येक जोडणीला बारा आंकडी ग्राहक क्रमांक दिलेला आहे तो याच कारणासाठीं. मालकाचें नांव दोन बिलांवर सारखें असूं शकतें, क्रमांक सारखा असूं शकत नाहीं.

कोणी म्हणेल, बुद्धिमान् म्हणवणाऱ्या यंत्राला एवढें तारतम्य कां नसावें? येथें या यंत्राचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. मागील मजकूर पाहून पुढें काय येणें संभवनीय आहे, याचा अजमास करण्यावर त्याची सारी करामत उभी आहे. सांगणाऱ्यानें एखादी जागा मोकळी सोडली कीं तें ती संभवनीय गोष्टीनें भरून काढतें. आणि पत्ता ही वस्तु अशी आहे कीं ती संभवनीय असून चालत नाहीं, ती खरीच असावी लागते. दिनकररावांचें घर स्टेशनाजवळ असणें संभवनीय आहे म्हणून पोस्टमन स्टेशनाजवळच्या घरांत पत्र टाकीत नाहीं. दुसरें असें कीं, नव्या कारकुनाला संशय आला तर तो क्षणभर घुटमळतो, शेजाऱ्याकडे पाहतो. हें घुटमळणें कामाच्या दृष्टीनें फार मोलाचें असतें. एजंटाच्या अंगीं तें आपोआप येत नाहीं; तें बाहेरून नियमानें घालावें लागतें.

अर्थात् ही चूक एजंटांनीं नव्यानें जगांत आणली असें मुळींच नाहीं. शहाण्या व अनुभवी माणसांनीं ती केलेली आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचें काम सांभाळणारी गिटलॅब नांवाची एक कंपनी आहे. तिच्याकडे माहितीचे दोन साठे होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची नक्कल ठेवणारा. दोहोंच्या यंत्रांचीं नांवें एका आंकड्यापुरतीं भिन्न. एक 'डीबी१', दुसरें 'डीबी२'. ३१ जानेवारी २०१७ रोजीं नक्कल मागें पडूं लागली म्हणून एक इंजिनियर रात्रीं उशिरापर्यंत खटपट करीत होता. दुसऱ्या यंत्रावरील साठा पुसून नक्कल नव्यानें घ्यावी असें त्यानें ठरविलें. ठरविलें तें बरोबर होतें. पुसण्याची आज्ञाहि अचूक लिहिली होती. पण ती गेली पहिल्या यंत्राला. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानीं येऊन त्यानें ती थांबविली. तोंवर सुमारें ३०० गिगाबाइट माहितीपैकीं अवघी साडेचार शिल्लक उरली होती. राखीव नकला घेण्याची जी व्यवस्था होती ती पाहूं जातां तीहि चालत नसल्याचें आढळून आलें. सुदैवानें सहा तासांपूर्वी कोणी दुसऱ्याच कामासाठीं हातानें एक नक्कल काढून ठेवली होती, तिच्यावर सारें पुन्हां उभें केलें. मधल्या सहा तासांतील काम मात्र गेलें तें गेलेंच. या प्रकरणीं त्या कंपनीनें कांहीं लपविलें नाहीं. दुरुस्ती चालूं असतां ती लोकांना प्रत्यक्ष पाहूं दिली. नंतर सुधारणांची जी यादी तिनें प्रसिद्ध केली, तींत एक अगदीं साधी गोष्ट होती: आज्ञा लिहावयाच्या प्रत्येक खिडकींत, आपण कोणत्या यंत्रावर आहों हें ठसठशीत दिसावें.

तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना हाच प्रकार नळांच्या भाषेंत अधिक लवकर पटेल. अमेरिकेंत कॅन्सस राज्यांत ॲचिसन गांवीं एका कारखान्यांत २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं सल्फ्यूरिक ॲसिडचा टँकर आला. कारखान्याच्या नोकरानें ॲसिडच्या नळीचें कुलूप काढून दिलें आणि तो निघून गेला. तिच्यापासून दीड फुटावर सोडियम हायपोक्लोराइटच्या टांकीची तशीच दिसणारी नळी होती. तिलाहि कुलूप नव्हतें. चालकानें रबरी नळी जोडली ती या दुसरीला. दोन्ही द्रव्यें एकत्र येतांच क्लोरीन वायूचा ढग उठला, आणि १४० हून अधिक माणसांना वैद्याकडे धांव घ्यावी लागली. 'टँकर रिकामा कर' ही आज्ञा योग्य होती, माल योग्य होता, चालकहि शिकलेला होता. पुढें चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें जे उपाय सुचविले, त्यांत नळ्यांच्या तोंडांचे आकारच निराळे करावेत, म्हणजे भलती नळी बसणारच नाहीं, हा एक उपाय होता. माणसाला 'सावध रहा' असें शंभर वेळां बजावण्यापेक्षां हा उपाय पुष्कळ बरा, यांत संशय नाहीं.

जुळ्या यंत्रांचा प्रश्न ज्या ठिकाणीं फारच गांभीर्यानें घेतात तें ठिकाण म्हणजे अणुविद्युत् केंद्र. तारापूरचीं पहिलीं दोन युनिटें अमेरिकन बनावटीचीं असून तीं ऑक्टोबर १९६९ मध्यें व्यापारी तत्त्वावर वीज देऊं लागलीं. तीं एकमेकांचीं जुळीं भावंडें. तिसरें व चौथें युनिट भारतीय आराखड्याचें, प्रत्येकीं ५४० मेगावॅटचें, हींहि जुळींच. यांतील गमतीची गोष्ट अशी कीं चौथें युनिट २००५ च्या सप्टेंबरांत व्यापारी तत्त्वावर चालूं झालें आणि तिसरें त्यानंतर २००६ च्या ऑगस्टांत. म्हणजे त्या मधल्या वर्षांत 'नवें युनिट' म्हणजे कोणतें, असें कोणीं विचारलें असतें, तर क्रमांकावरून अंदाज बांधणारा फसला असता. क्रमांक हें नांव आहे, वय नव्हे.

सारख्या दिसणाऱ्या दोन युनिटांपैकीं एक बंद असतांना दुरुस्तीची आज्ञा घेऊन गेलेला कुशल कारागीर चालूं युनिटाच्या पंपावर हात घालतो, असे प्रसंग अमेरिकेंतील केंद्रांत वारंवार घडूं लागले, तेव्हां तेथील अणुनियामक आयोगानें त्यांची खास चौकशी करून १९८६ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. नांवाच्या पाट्या अपुऱ्या असणें हें त्यांतील एक प्रमुख कारण आढळलें. बुद्धि कमी पडली नव्हती, पाटी कमी पडली होती. अशा केंद्रांतून बोलण्याचीहि एक ठराविक शिस्त असते. आज्ञा देणारा युनिटाचा व उपकरणाचा क्रमांक घेऊन आज्ञा देतो. ऐकणारा ती जशीच्या तशी उलट म्हणून दाखवितो. मग देणारा 'बरोबर' म्हणतो, आणि त्यानंतरच हात हलतो. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटावा, इतका तो कंटाळवाणा असतो.

याहूनहि जुनी व अधिक हुशारीची युक्ति आगगाडीच्या खात्याची आहे. फाटक बंद झाल्याची खात्री स्टेशनमास्तरला फाटकवाल्याकडून टेलिफोनवर घ्यावी लागते. नुसत्या 'हो, बंद केलें' या शब्दांवर तो विसंबत नाहीं; हा आवाज त्याच फाटकावरचा कशावरून, आणि हा जबाब याच गाडीसाठीं, मघाच्या गाडीसाठीं नव्हे, हें कशावरून? म्हणून फाटकवाल्यापाशीं उलटसुलट क्रमानें छापलेल्या आंकड्यांचा तक्ता असतो. तो त्यांतील पुढचा आंकडा सांगतो व खोडून टाकतो. स्टेशनमास्तर तो आंकडा गाडीच्या क्रमांकासह वहींत नोंदवितो. याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. या आंकड्याला स्वतःचा अर्थ कांहींच नसतो, आणि तींच त्याची खुबी आहे. अर्थ नसल्यामुळें तो अंदाजानें सांगतां येत नाहीं, आणि एकदां खोडल्यावर दुसऱ्या गाडीला वापरतां येत नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. तेथें चालूं प्रतीला ओळखण्याचीं साधनें आहेत, नाहींत असें नाहीं. पण प्रत्येकांत कांहीं ना कांहीं खोट आहे. प्रत्येक चालूं प्रतीला संगणक एक क्रमांक देतो. प्रत बंद झाली कीं तो क्रमांक मोकळा होतो आणि कालांतरानें दुसऱ्याच प्रतीला मिळतो. लिनक्स पद्धतींत पूर्वापार ही मर्यादा ३२,७६८ ची असे, ती संपली कीं मोजणी पुन्हां खालून सुरू. म्हणून सकाळीं पाहून ठेवलेला क्रमांक सायंकाळीं भलत्याचाच असूं शकतो. दुसरें साधन 'पोर्ट'चें. हीं एका अर्थीं दारें. ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांचीं. एका दारीं सामान्यतः एकच प्रत ऐकत बसते. पण पुष्कळ प्रोग्रॅम असे असतात कीं ३००० क्रमांकाचें दार अडलेलें दिसलें तर निमूटपणें ३००१ वर जाऊन बसतात. काल ३००० वर सरावाची प्रत होती. आज तेथें खरी आहे आणि सरावाची शेजारीं सरकली आहे. एजंट मात्र कालचीच आठवण धरून ३००० चें दार ठोठावतो. तिसरें साधन नोंदवहीचें: प्रत्येक प्रतीनें सुरू होतांना आपलें नांव, ठिकाण व हेतु एका वहींत लिहावा आणि निघतांना खोडावा. परंतु वीज जाऊन जी प्रत एकाएकीं बंद पडली ती खोडणार केव्हां? वहींत मग मृतांचीं नांवें राहून जातात.

यास्तव ज्यांनीं ही व्यवस्था नीट लावली आहे, त्यांनीं तीनहि साधनें एकत्र बांधलीं आणि वर आगगाडीची युक्ति चढविली. प्रत सुरू होतांना तिला एक अर्थहीन, लांबलचक व पुन्हां न येणारी खूण दिली जाते. एजंट प्रथम विचारतो, 'तूं कोण?' ती आपली खूण, आपलें ठिकाण व आपली सुरू झाल्याची वेळ सांगते. ही खूण आज्ञेबरोबर परत जाते, आणि जी प्रत ती आपली नव्हे असें पाहील तिनें आज्ञा पाळण्यास साफ नकार द्यावा. कामाचा जबाब देतांनाहि आधीं स्वतःची खूण, मग निकाल. वर्णनाशीं जुळणाऱ्या दोन प्रती सांपडल्या तर आज्ञा कोणाकडेच न जातां प्रश्न माणसाकडे परत यावा. एकहि न सांपडली तरीहि तसेंच. 'शेवटीं उघडलेली ती' किंवा 'समोर दिसते ती' असला नियम सोयीचा वाटतो, पण बहुतेक अनर्थांचें मूळ त्या सोयींतच असतें. आणि ही सारी तपासणी एजंटाच्या स्मरणावर सोंपवूं नये. काय करावयाचें हें ठरवितांना त्याची चतुराई वापरावी. कोणाला सांगावयाचें हें मात्र मधल्या एका मंद, काटेकोर व कल्पनाशून्य प्रोग्रॅमनें ठरवावें. फाटकवाला प्रतिभावान् नसलेलाच बरा.

एवढें करूनहि एक प्रसंग उरतो, तो म्हणजे प्रत एकच असण्याचा. जुलै २०२५ मध्यें रेप्लिट कंपनीच्या एजंटाकडून काम करून घेत असतां जेसन लेम्किन या उद्योजकाला असा अनुभव आला कीं, कोणताहि बदल करूं नये असें बजावलेलें असतांना त्या एजंटानें चालूं असलेला खरा माहितीसाठाच पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखानें जाहीर क्षमा मागितली, आणि सरावाचा साठा व खरा साठा आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था करीत असल्याचें सांगितलें. येथें पत्ता चुकला असें म्हणतां येत नाहीं; चुकावयाला दुसरा पत्ताच नव्हता. तेव्हां ज्या घरांत किंवा कचेरींत एजंट ठेवावयाचा, तेथें सरावाची प्रत आधीं निराळी असावी आणि खऱ्या प्रतीची किल्ली त्याच्या हातांत नसावी. पालघर-बोईसरकडील छोट्या कारखानदारांनीं हिशेबाचें काम एजंटाकडे देण्यापूर्वी निदान एवढें पाहावें: चालूं वर्षाच्या वह्या आणि मागील वर्षाच्या वह्या एकाच नांवानें उघडत नाहींत ना, आणि पुसण्याची आज्ञा पाळण्यापूर्वी तो संस्थेचें नांव व वर्ष उच्चारून विचारतो कीं नाहीं.

दोन एजंट एकाच प्रतीला एकाच क्षणीं आज्ञा देऊं लागले तर काय, हा प्रश्न याच्याच पोटांतला आहे. एकेरी लोहमार्गावर पूर्वीपासून यासाठीं एक गोळा ठेवीत आले. दोन स्टेशनांमध्यें एका वेळीं एकच गोळा बाहेर निघूं शकतो, आणि तो ज्याच्या हातीं तीच गाडी पुढें जाते. संगणकांत असा गोळा करतां येतो व करतातहि. फरक एवढाच कीं गोळा घेतलेला ड्रायव्हर वाटेंत नाहींसा होत नाहीं, एजंट होऊं शकतो. म्हणून त्याला दिलेला गोळा ठराविक मुदतीचा असतो, आणि मुदत संपली कीं तो दुसऱ्याला देण्यापूर्वी पहिल्याचें काम कोठपर्यंत झालें होतें हें त्या प्रतीलाच विचारून घ्यावें लागतें.